लगदामायचा टब

लगदामाय स्वतःच्या हातांनी केलेली देखणी वस्तू स्वतःच्याच हातांनी पाण्यात बुडवायची आणि वर हसायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चक्क ओरडले. लग्न होऊन मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटात नवीनच आले होते. दिवाळी नुकतीच सरली होती, आणि शेजारची ही म्हातारी पतंगी कागदाचा, सोनेरी झिरमिळ्यांचा सुरेख आकाशकंदील निळ्या टबात दाबून धरत होती. "अहो माय, काय करताय हे!" मी कुंपणावरून म्हटलं. तिने मान वर केली. "सण झाला ना पोरी. आता काहून लटकवून ठेवाचा? धूळ खायले?"

भिजलेला कागद ती उखळात कुटायची, त्यात चिकटपणासाठी मेथीची पूड कालवायची आणि लगद्याचे गोळे करून छपरावरच्या पत्र्यावर वाळत घालायची. म्हणून वॉर्डातले सगळे तिला लगदामाय म्हणत. बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथले बिघडलेले कागदही तिच्याच टबात जात. "तुही मशीन बिघडली का मले बरं वाटते," असं ती तोंडावर म्हणायची. रागवावं की हसावं, तेच कळायचं नाही.

बरं, दिलेली वस्तू तरी दिलेली समजावी! तेही नाही. नाताळात चर्चसाठी तिने मोठा तारा करून दिला होता. नाताळ संपला आणि ही चर्चच्या फाटकात हजर. चौकीदार बिचारा हबकला. "दादी, अभी तो नया साल भी नहीं आया!" शेजारच्या पोरीला शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने पुठ्ठ्याचं रॉकेट करून दिलं होतं. त्याला बक्षीस मिळालं. पोरीच्या आईने ते कौतुकाने टीव्हीशेजारी मांडलं होतं. मायने चहा घेतला, कप खाली ठेवला, रॉकेट काखेत मारलं आणि चालू पडली. ती आई दारात आ वासून उभी राहिली.

पण तिचा खरा जीव होता तो बुद्धपौर्णिमेच्या स्तुपात. बांबूचं मोठं डालं पालथं घालायची, त्यावर जुनं लुगडं पसरायची आणि लगदा थापत थापत घुमट चढवायची. वैशाखाच्या उन्हात तो वाळला की वरून पांढरा कागद आणि चारी बाजूंना पुठ्ठ्याची कोरीव, कमानीसारखी तोरणं. मिरवणुकीत तो पुढच्या गाडीवर असायचा आणि माणसं त्याच्याकडे बघून हात जोडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टबात. इतकी वर्षं पाहूनही दर खेपेला मी तोंड फिरवायची.

मग तिचे हात थरथरायला लागले. कात्री धरली की तोरणाची नक्षी तुटायची, मग ती शिवी हासडून नवा पुठ्ठा घ्यायची. त्या वर्षीचा स्तूप तिचा शेवटचा, हे मला दिसत होतं. मी विहाराच्या समितीच्या मागे लागून काचेची पेटी करून घेतली. मायपुढे हात जोडले. "माय, एवढा एक ठेवा. तुमची काहीतरी खूण राहू द्या हो." मला रडूच आलं. ती म्हणाली, "हौ बाई, हौ."

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समितीच्या अमोलला घेऊन मी स्तूप आणायला गेले. अंगणात टब होता. टबात घुमट होता, अर्धा विरघळलेला. अमोल किंचाळला, "अरे दादी, ये क्या कर दिया!" आणि मी? मी तिला नाही नाही ते बोलले. खोटारडी म्हणाले. हो कशाला म्हणालात, असं विचारलं.

"तू रडून राह्यलती म्हणून," ती शांतपणे म्हणाली. "आता ऐक. पयला स्तूप माह्या सासऱ्यानं केलता, रामपायली गावाले. तोच हाय हा. दरसाल भिजवाचा, दरसाल थापाचा. काचेत ठेवला तं पुढच्या साली कायचा करशीन?"

मी टबाकडे बघतच राहिले. म्हणजे आजवरचे सगळे स्तूप त्यात होते. माझ्यासमोर बुडालेला तो कंदीलही, चर्चचा तारा, रॉकेट, माझे झेरॉक्स, सगळं. मायने माझं मनगट धरलं. "उभी काहून राह्यली? हात घाल."

त्या हिवाळ्यात ती गेली. तिच्या भाच्याने लांजीहून येऊन घर आवरलं आणि वाळलेल्या गोळ्यांचा डबा माझ्याकडे आणून दिला. 'मामी बोलली होती,' एवढंच म्हणाला.

यंदा स्तूप मी केला. घुमट एका बाजूला कलला, तोरणं जेमतेम उभी राहिली. तरी मिरवणुकीत बायका त्याला हात लावून रडल्या. सगळे म्हणाले, मायच्या हातचा लगदा आहे, हा तरी जपून ठेवा. काचेची पेटी अजून रिकामीच होती. मीही मान डोलावली. खरंच ठेवायचा होता मला, काय सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी अमोल पेटी पुसूनबिसून घेऊन आला, आणि फाटकातच ओरडला. माझे हात कोपरापर्यंत टबात होते. घुमट मऊ पडत चालला होता आणि पाण्यावर एक सोनेरी झिरमिळी तरंगत होती. त्याच्यापेक्षा जास्त धक्का मलाच बसला होता. मी केव्हा उठले, टब केव्हा भरला, धड आठवत नव्हतं.

"दीदी, पागल हो गई हो क्या?"

"सण झाला ना," मी म्हटलं. "ठेव ती पेटी खाली. उभा काहून राह्यला? हात घाल."