अलास्काची विक्री आणि आमची जमीन

काल शिरूरच्या रजिस्ट्री कार्यालयात साक्षीदार म्हणून गेले होते. सगळ्यांचे कागद मी घरूनच क्रमानं लावून नेले होते, त्यामुळे काम पटकन उरकलं. पण अंगठ्याच्या शाईचा वास आला आणि आमचं अंगण आठवलं.

लहानपणी तिथंच शाळेतल्या स्पर्धेचं भाषण मी आजोबांना, म्हणजे आबांना, म्हणून दाखवत होते. रशियानं अलास्का अमेरिकेला विकलं आणि पुढं ते त्यांचं एक राज्य झालं. आबांच्या शेजारी त्यांचा मुलगा, माझे सोपानकाका, शाईचं पॅड उघडून बसले होते. रस्त्याकडची जमीन कारखान्याला द्यायची होती आणि कागदावर आबांचा अंगठा हवा होता.

"आन् तिथं राहणारी माणसं? त्यांना इचारलं का?" आबांनी मलाच विचारलं.

"नाही, आबा. पुस्तकात तसं काही नाही."

आबांनी हात मागं घेतला. "सोपाना, यवतवरनं यमुनीला बोलाव. तिलाबी इचारू."

आमच्याकडं लेकींना व्यवहार ठरल्यावर फक्त सहीला बोलवायचे आणि साडी देऊन परत पाठवायचे.

"झालं! कुठलं ते अलास्का काढलंस गं?" काका माझ्यावर डाफरले.

यमुनाआत्या आली ती नेहमीसारखी चुलीकडं निघाली. आबांनी तिला खाटेवर आपल्याजवळ बसवलं आणि सगळं सांगितलं.

"मला इचारताय, आबा?" तिनं पदरानं डोळे पुसले. मग ठामपणे म्हणाली, "न्हाई इकायची."

काका तडक उठून गेले. आबा मात्र खुशीत मला म्हणाले, "आत्याला च्या टाक."

भाषण अर्धवट राहिलं म्हणून मी तेव्हा रुसले होते. आता वाटतं, इतकं मन लावून माझं बोलणं पुन्हा कुणी ऐकलं नाही.