शिवदास इंजिनीयर आणि चौथा मजला

मुलुंडच्या धोंडू घाडीगावकरांचा शिवदास दहावीला बरे मार्क मिळवून पास झाला, तेव्हा त्याने पुढे काय व्हायचं हे त्याला सोडून बाकी सगळ्यांनी ठरवलं. धोंडूंची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. "यंत्राचो भरवसो नाय," ते म्हणाले. "घरां मात्र लोकांक लागतलीच." शेजारचे कुंडलिकमामा महापालिकेत कारकून. ते म्हणाले, "सिव्हिल घे, डोळे मिटून घे. महापालिका आहे, पीडब्ल्यूडी आहे, रेल्वे आहे. यातलं काहीच जमलं नाही तर दुबई आहेच!"

शिवदासने डिप्लोमाला सिव्हिल घेतलं. फक्त एक गोष्ट त्याला कुणी विचारली नाही आणि त्यानेही सांगितली नाही. त्याला उंचीची भीती वाटायची. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढला तरी दोन्ही हातांनी भिंत धरून ठेवायचा. मग रुक्मिणी, त्याची आई, म्हणायची, "उतर रे बाबा, मीच काढतंय."

कॉलेजात ते खपून गेलं. गोराईच्या सर्व्हे कॅम्पमध्ये तर तो सगळ्यांच्या पुढे. जमीन मोजायची तर जमिनीवरच उभं राहावं लागतं ना! पाण्याची टाकी बघायला नेलं, तेव्हा पोरं शिडीवरून माकडांसारखी वर गेली आणि शिवदास खाली सगळ्यांच्या पिशव्या धरून उभा राहिला. सरांनी विचारलं तर म्हणाला, "सर, इकडे चोऱ्या फार होतात."

डिप्लोमा झाला आणि बोरिवलीला शिरोडकर नावाच्या बिल्डरकडे तो साइटवर लागला. इमारत जोत्यापर्यंत आलेली. ते दिवस सुखाचे गेले. पण इमारतीची खोड अशी की ती वर वर जाते. पहिल्या मजल्यावर तो भिंतीला चिकटून गेला. दुसऱ्यावर मुकादमाला पाठवलं. तिसऱ्याच्या वेळी ताप आला. चौथ्याच्या वेळी शिरोडकर म्हणाले, "घाडी, आज स्लॅब भरायचाय. सळ्यांचं लोखंड तू बघितल्याशिवाय वर काँक्रीटचा माल पडणार नाही."

झालं! जिन्याला अजून कठडा नव्हता. पुढे घमेलं घेतलेली, साइटवर मजुरीला असलेली सोनूबाई चालली होती. तिच्या पाठीवर नजर खिळवून शिवदास वर पोचला. लोखंड त्याने रांगत रांगत तपासलं. मुकादम मनात म्हणाला, पोरगा भलताच बारकाईचा आहे. मग शिवदास उतरायला वळला. समोर मोकळा जिना, त्याच्या पलीकडे अख्खी बोरिवली पायाखाली. तो मटकन खाली बसला.

सोनूबाई रिकामं घमेलं घेऊन परत येत होती. "सायेब, वाटेत काय बसलात?"

"सोनूबाई, मला उतरता येत नाही."

"मग चढलात कसे?"

"तुमच्याकडे बघून."

"अरे देवा!" सोनूबाईने पदर तोंडाला लावला. "असं करा, डोळे मिटा आणि बसून उतरा. माझा नातू तसाच उतरतो."

शिवदासने डोळे मिटले आणि पुढची पायरी हाताने चाचपत एकेक पायरी खाली घसरू लागला. नेमके तेव्हाच शिरोडकर एका गिऱ्हाइकाला फ्लॅट दाखवायला घेऊन आले. सोबत गिऱ्हाइकाचे वडील, हातात काठी.

"हे काय चाललंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

शिवदासने डोळे उघडलेच नाहीत. "पायऱ्या तपासतोय," तो म्हणाला. "सगळ्या सारख्या हव्यात. एखादी उंचसखल झाली तर म्हातारी माणसं धडपडतात."

"बघ!" म्हातारा मुलाला म्हणाला. "आपल्या आत्ताच्या बिल्डिंगीत कुणी उभ्याने तरी बघितलं होतं का?" आणि फ्लॅट तिथल्या तिथे बुक झाला.

शिरोडकर खूश. "झकास रे घाडी! आता दर रविवारी गिऱ्हाइकं येतील. तू आपला जिन्यात तयार राहा."

बोलून अडकणं म्हणतात ते हे. दर रविवारी शिवदास प्राण मुठीत धरून वर जाऊ लागला आणि लोकांदेखत बसून खाली येऊ लागला. इकडे रुक्मिणी त्याच्या पँटींना मागून ठिगळं लावून दमली. "तू काम तरी करतंस काय नुसतो बसतंस रे?" तिने विचारलं.

शेवटी एका सोमवारी त्याने शिरोडकरांसमोर सगळं कबूल केलं. नोकरी गेली असंच धरून चालला होता. शिरोडकर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "अरे वेड्या, आपल्या धंद्यात जमिनीखाली पण काम असतं की!"

त्यांनी त्याला अंधेरीच्या एका ओळखीच्या इंजिनीयरकडे धाडलं. तिथे काम एकच, जमिनीला भोक पाडून खालची माती काढायची आणि ती किती वजन पेलेल ते सांगायचं. शिवदासची कळी खुलली. खड्डा कितीही खोल असो, तो बिनदिक्कत उतरायचा. खोलीची भीती त्याला कधी शिवलीच नाही. बोटांत माती चोळून, हुंगून तो खूश व्हायचा. वर्षा-दोन वर्षांत बिल्डर लोक त्याचं नाव घेऊन विचारत येऊ लागले.

मुलगा एवढा मोठा झाला म्हणून धोंडू एकदा वर्सोव्याची साइट बघायला गेले. इस्त्रीचा शर्ट, नव्या वहाणा. चारही बाजूंना बघून म्हणाले, "इमारत खय आसा रे?"

"अजून पायाच आहे, बाबा. आपलं काम खाली."

"आणि ता दिसतला कधी?"

"दिसलं तर वाट लागली!"

धोंडूंना हे काही पटेना. ते नीट बघायला दोन पावलं पुढे गेले आणि काळ्या चिखलात पाय पोटरीपर्यंत रुतला. दोघा बिगाऱ्यांनी ओढून काढला, पण वहाण आतच राहिली. पहार खुपसून पाहिली, हाती काही लागेना.

एका पायात वहाण घालून धोंडू बसने मुलुंडला आले. रुक्मिणीने कपाळावर हात मारला, कुंडलिकमामा धावत आले. धोंडूंनी मात्र खुर्ची बाहेर काढून ऐटीत बसकण मारली.

"माझी व्हाण अजून तळाक पोचूक नाय," ते चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "इतक्या खोल काम करता माझो झील!"