मी उभा होतो तेवढी माती

"ह्यो उबा व्हता तेवढी माती उपसा आन् भाईर टाका. पोरं उतरायची हायती त्यात."

जत्रेच्या कुस्त्यांचं मैदान होतं. सगळी पंचक्रोशी गोळा झालेली. बोलले ते गावचे पाटील. मी आखाड्याच्या मधोमध उभा होतो, अंगावर फक्त लंगोट. कुणीतरी फावडं घेऊन पुढं आलं, तर पाटलांनी त्याला थांबवलं. कडेला माझा बाप बसला होता. पाटील त्याला म्हणाले, "तुज्या पोरानं बाटीवलीया. तूच काड."

बापानं फावडं घेतलं. माझ्या पायाखालची माती पाटीत भरली आणि आखाड्याभोवतीच्या दोराबाहेर नेऊन टाकली. पाटील पुरे म्हणेपर्यंत टाकत राहिला. तो दोर बापानंच वळलेला. मांगाचा दोर गावाला चालत होता. मांगाच्या हलगीशिवाय तर कुस्ती लागत नव्हती. मांगाचा पाय तेवढा चालत नव्हता.

मी आत चोरून शिरलो नव्हतो. मला शब्द दिला होता.

आमचं गाव पाटणच्या खाली, कोयनेकाठी. लढाईचे दिवस होते. गावच्या तालमीत अंग कमावलेली पोरं साताऱ्याच्या भरतीत पटापट पास व्हायची. कुणी पलटणीत, कुणी पोलिसात, एखादा सांगलीला संस्थानच्या तालमीत खुराकावर. पोरांचं कल्याण होतं म्हणून ती तालीम सगळ्या गावानं मिळून बांधली होती. मांगवाड्यानं माती वाहिली. भिंती उभ्या राहिल्यावर आमच्यातल्या कुणी उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही.

तिथं वस्ताद होते, पोरांना डाव शिकवायचे. माणूस वाईट नव्हता, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. आता म्हणत नाही. त्यांचा लाडका पठ्ठ्या धोंडीराम, पाटलांचा पुतण्या. त्याच्या तोडीचा जोडीदार गावात मिळेना. मी तेव्हा ऐन विशीत, दगड फोडून अंग टणक झालेलं. ओढ्याच्या वाळूत आमच्याच पोरांशी झोंबताना वस्तादांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "पहाटंचं हितं येत जा गड्या. धोंडीसंगं धर."

दोन वर्षं पहाटे त्या वाळूत गेलो. धोंडीरामच्या घामानं मी भिजायचो, माझ्या घामानं तो. त्यानं कुणाला विटाळ होत नव्हता. जाताना त्यानं ओढ्यात बुडी मारली की झालं. वस्ताद मला शिकवायचे ते काठीनं. पाय चुकला की काठीनं सारायचे, मान खाली हवी तर मानेवर काठी ठेवायचे. धोंडीरामला मात्र हातानं. मला त्याचं काहीच वाटायचं नाही. शिकवतात ना, याचाच आनंद. एवढा मी खुळा होतो.

जत्रा जवळ आली तसे वस्ताद म्हणाले, "साताऱ्याचा सुभेदार येनार हाय पोरं हेरायला. तुजी बी जोड लावतो. त्येच्या म्होरं एक कुस्ती मार, पलटनीत गेलास म्हनून समज."

पलटण! पायात बूट. अंगावर सरकारी कपडे. सणाच्या दुसऱ्या दिवशी आईला टोपली घेऊन दारोदार "वाढा गं माय" करत फिरायला नको. आई तर सगळ्या मांगवाड्याला सांगून आली, माझा लेक साहेबाच्या पलटणीत चाललाय म्हणून.

मैदानाच्या दिवशी मी बापाशेजारी हलगी वाजवत बसलो. धोतराखाली लंगोट कसलेला. धोंडीरामनं एक कुस्ती मारली आणि हात वर करून आखाड्याला फेरी मारायला लागला. रिवाजच आहे तो. ज्याच्यात धमक असेल त्यानं उठून आत यायचं. कुणी उठेना. मी वस्तादांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. हलवली, हे मी आईची शपथ घेऊन सांगतो. मी हलगी ठेवली, धोतर फेडलं, दोर ओलांडला. चिमूटभर माती कपाळाला लावली आणि मूठभर धोंडीरामपुढं धरली. समोरच्यानं ती हातात घेतली की कुस्ती लागली म्हणायची.

धोंडीरामनं हात मागं घेतला. दोन वर्षं ज्याची मान माझ्या काखेत असायची, तो चुलत्याकडं वळून म्हणाला, "कोन हाय ह्यो, तात्या?"

तेव्हा पाटील उठले आणि ते माती उपसायचं बोलले. वस्ताद फेटा सोडून पुन्हा बांधत बसले. सुभेदार मिशीत हसत होता.

उपसलेल्या जागी दुसरी माती ओतली, वर गोमूत्र शिंपडलं. बाप घामानं निथळत परत जाग्यावर येऊन बसला. मी धोतर गुंडाळून त्याच्याजवळ उभा होतो. पाटील मला म्हणाले, "उचल ती हलगी. जोड खोळंबलीया."

भीती वाटली नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण दोन वर्षांची ती काठी मला त्या क्षणी मानेवर जाणवली.

"न्हाई वाजवायचो," मी म्हणालो.

मैदान चिडीचूप झालं. दोन पैलवान आत नुसते उभे. हलगी नाही तर अंगात वारं भरत नाही, आणि दुसऱ्या कुणी ती हातात धरायची तर विटाळ. एवढे मोठे पाटील, पलटणीतला सुभेदार, हजारभर माणूस, आणि सगळं एका मांगाच्या पोराच्या हातावर अडलं होतं. हे मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं.

ते फार वेळ टिकलं नाही. बाप म्हणाला, "वाजीव रं लेकरा. पाया पडतो तुज्या." मी हललो नाही. मग बापानंच हलगी उचलली. मातीनं भरलेल्या हातांनी वाजवली. खाली मान घालून वाजवली. शेवटची कुस्ती धोंडीरामनं मारली आणि सुभेदारानं त्याची पाठ थोपटली.

आमचं बलुतं बंद झालं. बापाचे दोर कुणी घेईना. मरेपर्यंत तो माझ्याशी धड बोलला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. मी सांगलीला जाऊन हळदीची पोती उचलली. परत आलो तो रिकामी पोती झाडून जमवलेली हळद घेऊन. मांगवाड्यामागं खड्डा खणला, माती चाळली, त्यात हळद मिसळली. गावच्या तालमीत मातीला पाजतात तसं तेल, ताक आम्हाला कुठलं? पोरं यायला लागली. मी त्यांना हातानं शिकवलं. काठी ठेवलीच नाही.

त्यात किसन उजवा. त्याला घेऊन साताऱ्याला गेलो. पळण्यात पहिला आला, छाती मापात बसली. भरतीच्या कारकुनानं विचारलं, "कोणत्या तालमीचा?"

"मांगवाड्याच्या," किसन म्हणाला.

"तिथं तालीम असते होय रे?"

सगळे हसले. पलटणीच्या दवाखान्यात त्याला झाडू दिला. किसननं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या घरी खाणारी तोंडं मला ठाऊक होती. घेऊ नको, असं मला म्हणवलं नाही. मधे स्वराज्य आलं. किसन अजून झाडतोच आहे. त्याच्यामागून मी आणखी पोरं नेली. ती तशीच परत आली.

यंदाच्या जत्रेला आमच्या वाड्यातलं कुणी हलगी घेऊन गेलं नाही. एवढं तरी मी करू शकलो. दारात बसून मैदानाकडं कान लावला होता. आज गप्प राहील मैदान, असं वाटत होतं. हलगी वाजली. खालच्या गावचे मांग आणले होते. चांगली वाजवत होते.

मी उद्या त्या खालच्या गावी जाणार आहे. त्यांच्या वाड्यामागं खड्डा खणणार, माती चाळणार. पलटण मिळणार नाही, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगणार. खोटा शब्द द्यायला मी वस्ताद नाही. तिथून पुढच्या गावी, मग त्याच्या पुढच्या. गावोगाव खणीन. स्वतःच्या मातीत उतरलेलं पोर मग त्यांची हलगी धरत नाही, हे आमच्या वाड्यात मी पाहिलंय. एक जत्रा अशी येईल की पाटील हलगीवाला शोधत सगळी पंचक्रोशी पालथी घालतील आणि दोराबाहेर बसून वाजवणारा एकही हात त्यांना मिळणार नाही. त्या दिवशी मैदान गप्प राहील.