उषाचे बारा व्होल्ट

माझी बायको उषा धुळ्याची, इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली. लग्नानंतर, १९८९ मध्ये, आम्ही सिल्वासात टोकरखाड्याला बिऱ्हाड केलं. मी सुताच्या कारखान्यात सुपरवायझर आणि ती शेजारच्या रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंगला. त्या कामात तिचं मन कधीच रमलं नाही.

तिथे रेडिओ तपासायला बारा व्होल्टचा पक्का डीसी सप्लाय लागे. बाहेरून आणलेले सप्लायचे डबे सारखे बिघडत. उषाने मॅनेजर अविनाश सरांना सांगितलं, "मी बनवते."

सर म्हणाले, "जमलं तर टेस्टिंग तुमच्याकडे. नाही जमलं तर पुन्हा सोल्डरिंग, आणि हा विषय बंद."

ट्रान्सफॉर्मर, डायोड, कपॅसिटर, रेग्युलेटर जोडून तिने डबा केला आणि सगळी औद्योगिक वसाहत बंद असते त्या सुट्टीच्या दिवशी तपासला. झकास चालला. कामाच्या दिवशी मात्र दुपारी रेडिओ घुरघुरू लागले. सुट्टीला व्होल्टेज भरपूर असतं. आमच्या सूतकारखान्यातल्या मशिनांच्या मोटारी फिरू लागल्या की अख्खी लाइन बसते, म्हणजे व्होल्टेज उतरतं. रेग्युलेटर बाराच्या वरचं कापून बारा देतो. वर काही उरलंच नाही तर तो बिचारा कापणार काय?

"तुमच्याच कारखान्याने माझी वाट लावली," ती घरी येऊन म्हणाली. मी हसलो, ती हसली नाही. सरांकडून तिने एकच संधी आणखी मागून घेतली होती.

या खेपेला तिने जास्त व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. लाइन चढली की रेग्युलेटर तापणार, म्हणून त्याला ॲल्युमिनियमची जाडजूड पट्टी बसवली.

तपासणीच्या आदल्या दिवशी म्हणाली, "उद्या जेवणाच्या सुट्टीनंतर तुमची सगळी मशिनं एकसाथ चालू करा."

एरवी लाइन फार बसू नये म्हणून आम्ही ती थांबून थांबून, एकेक करून सुरू करतो. मी म्हटलं, "अगं, फसलं तर तुझं काम माझ्या हातून जाईल."

"जाऊ दे. सोप्या दिवशी पास होऊन एकदा तोंडघशी पडलेय."

अशी हिंमत मी जन्मात पाहिली नव्हती. अभिमान वाटला आणि घामही फुटला. दुसऱ्या दिवशी मी एका दमात सगळी बटणं दाबली. शेडमधल्या ट्यूबलाइट फडफडल्या. त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझं कशात लक्ष नव्हतं.

सुटल्यावर तिच्या गेटपाशी गेलो. ती आणि अविनाश सर उभे होते. मी तोंड उघडायच्या आत सरच म्हणाले, "सुकदेवभाऊ, दुपारी काय केलंत हो? माझ्या केबिनचा पंखा रेंगाळला, दिवे बसले. उषाताईंच्या टेस्टिंगमधल्या रेडिओंना मात्र पत्ताही लागला नाही."