आखाजीच्या दुपारी सासरे पडद्यावर

मी सिनेफाइल आहे, आणि हे सासूबाईंना सांगायची काही गरज नव्हती.

सिनेमाच्या वेड्याला एवढा भारी शब्द आहे हे कळल्यापासून सुरतेत, डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत मी तो दिसेल त्याला ऐकवत असे. शब्द फ्रेंच, मुळं ग्रीक. ‘सिने’ म्हणजे हालचाल, ‘फाइल’ म्हणजे प्रेम करणारा. थोडक्यात, हलत्या चित्रांवर जीव टाकणारा माणूस. (बायको सुनंदाच्या मते, घरातली काडी न हलवणारा.)

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासूबाई धुळ्याहून आल्या. सासरे गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, आणि सुनंदा एकुलती एक, म्हणून पितरांसाठी भरतात ती पाण्याची घागर त्यांच्या नावाने आमच्याकडेच भरायची होती. माझा शब्द सासूबाईंनी नीट ऐकून घेतला.

“मंग यास्ले हालतांना दखाडशात का, जवाईबुवा?” ‘यास्ले’ म्हणजे सासऱ्यांना.

आमच्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, सासरे त्यांना काहीतरी म्हणाले होते. बँडमुळे ऐकू आलं नाही, डोळ्यांतल्या पाण्यामुळे ओठही दिसले नाहीत. नंतर विचारलं की ते नुसते हसायचे. ते ऐकायचं राहूनच गेलं, असं त्या म्हणाल्या. मला गलबलून आलं. मी हो म्हणून बसलो.

लग्नाची कॅसेट पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानातून पेनड्राइव्हवर उतरवली. चित्र वाचलं होतं, आवाज गेला होता. भाड्याने प्रोजेक्टर आणला. पडद्यासाठी मी काम करतो त्या यंत्रमागाच्या कारखान्यातून पाच मीटर कोरं पांढरं कापड खांद्यावर टाकून निघालो, तर शेजारच्या काकींनी जिन्यातच हळू आवाजात विचारलं, “कोण गुजरी गयु?” कोण वारलं, म्हणून. तिथेच मी परत फिरायला हवं होतं.

भर दुपारी खिडक्या बंद केल्या. कापड खोलीच्या मधोमध टांगलं, पलीकडे स्वयंपाकघर. सासूबाईंनी घागरीपुढे निखाऱ्यांवर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकून आगारी दिली. धूर प्रोजेक्टरच्या उजेडात चढला, आणि त्या धुरातून सासरे आले. डोक्याला फेटा. सरळ माझ्याकडे बघत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“उनात का? बठा,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या, दारात आलेल्याला ‘आलात का, बसा’ म्हणावं तसं.

पंखा बंद होता, तरी कापड हललं. सासऱ्यांची छाती फुगली. मग त्यांच्या पोटातून पाच बोटं माझ्या दिशेने आली!

मी किंचाळलो एवढं आठवतं. पायात वायर अडकली, अंधार झाला, आणि हलत्या चित्रांचा हा प्रेमी दोन जिने उतरून रस्त्यावर सापडला. बोटं सुनंदाची होती. आमरसाचं भांडं घेऊन ती कापड बाजूला सारत होती.

वर आलो तर सासूबाई डोळे पुसत होत्या. पडद्यावर सासरे बोलत असतानाच मी वायर उपटली होती. मला माझीच लाज वाटली. गुपचूप पुन्हा सगळं लावलं.

सासूबाई पडद्याजवळ सरकल्या. त्यांचा जन्म यंत्रमागावर गेला. त्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ वाचूनच बोलतात. (मलाही येतं, पण मघाशी माझं डोकं ताळ्यावर नव्हतं.) बघता बघता त्यांना हसू फुटलं. काय म्हणाले, मी विचारलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला.

“म्हनतस, आपली पोरले जपजो, जवाई भित्रा शे.”

वीस वर्षं त्या माणसाने माझी अब्रू झाकून ठेवली. मी ती दोन जिन्यांत उघडी केली.