एका विमानात दोघं नको

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यामुळे माझी बहीण माजलगावला येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण तिचा नवरा लष्करात, नेमणूक गुवाहाटीला, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवासाची सक्त मनाई केली. म्हणून माहेरानंच तिकडे जायचं ठरलं. दिवस अगदी भरत आले होते, रेल्वेनं पोचेपर्यंत बाळानं वाट पाहिली नसती. राहिलं विमान.

नेमकं त्याच आठवड्यात कुठंसं एक विमान पडलं. वडील दिवसभर टीव्हीसमोर बसले. शेरडं चरायला सोडायचंसुद्धा विसरले.

मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे मला समजावण्याची खोड आहे. म्हणालो, "आण्णा, रोज हजारो विमानं सुखरूप उतरतात. ती टीव्हीवर येत नाहीत."

"उतरलेलं कशाला दाखवतील?" आण्णा म्हणाले.

हाच माणूस उसाच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून कारखान्यापर्यंत पेंगत जातो. मागं दोन ट्रॉल्या, एकीलाही दिवा नाही, टेपवर गाणी फुल्ल. भीती वाटत नाही का विचारलं तर म्हणतो, "डायवर वळखीचा हाय." विमानाचा डायवर कोणत्या गावचा, ते मला सांगता येईना. तिथं माझं गणित बारगळलं.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच तोडगा काढला.

"तुझी आई एक दिवस आदी जाईल, मी दुसऱ्या दिवशीच्या इमानानं. एका इमानात दोघं नको. दोघंबी एकदम वर गेलो तर शेरडं कोण बघल?"

मी कपाळाला हात लावला. आम्हा तिघा मायलेकरांना एकाच मोटारसायकलवर मागं कोंबून, वर आईच्या मांडीवर करडू देऊन, हे पाली गावच्या पाहुण्यांकडे नेत असत. तेव्हा शेरडांची काळजी कुठं गेलती, देव जाणे. मी चांगलाच चिडलो होतो आणि तसं बोललोही.

आई इतका वेळ डिंकाचे लाडू डब्यात भरत होती. तिनं झाकण दाबून लावलं.

"तुमी शेरडंच बघा," ती म्हणाली. "माझी लेक तिथं अवघडलेली हाय. मी एकटी जाते."

आई आजवर बीडलासुद्धा कधी एकटी गेलेली नव्हती. आण्णा उठून गोठ्यात गेले आणि जेवायलाही लवकर आले नाहीत.

सकाळी मी आईचं तिकीट काढायला फोन हातात घेतला, तर आण्णा शेजारी येऊन उभे.

"माझंबी काढ. तिच्याच इमानात."

"आणि ते पडलं म्हणजे?" माझा राग अजून उतरला नव्हता.

"पडलं तर पडलं," आण्णा म्हणाले. "ती न्हाई राह्यली तर मी हितं एकटा शेरडं राखून काय करू?"

मी शेजारशेजारच्या दोन जागा काढल्या. खिडकीची आईला दिली.