दुपारी सव्वादोनचा गीझर

आईला फोन करून ‘कशी आहेस?’ असं विचारलं की ती ‘काल होते तशी’ म्हणते. दुसऱ्या दिवशी विचारलं तरी तेच. या उत्तरावरून तिचं काय चाललंय हे कळायला मार्ग नसतो. ती स्वारगेटजवळच्या एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, मी हिंजवडीत. हे अंतर किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्याकडे निघाले, तर तेवढ्या वेळात दुसरा एखादा माणूस साताऱ्याला पोचून कंदी पेढे घेऊन मोकळा होतो.

म्हणून मी तिच्या घरी वीज मोजणारं यंत्र बसवायचं ठरवलं. काडेपेटीएवढी डबी. ती मेन स्विचच्या बोर्डात बसवायची, तिचा चिमटा वायरीला लावायचा, की घरात किती वीज चालली आहे ते मोबाईलवर दिसतं, कुठूनही. आईला मी सांगितलं, ‘यानं बिल कमी येईल.’

आईनं तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘काट्यावर उभं राहिलं की वजन कमी होतं का?’

इलेक्ट्रिशियन आला तेव्हा ‘अहो, आपण अकरा म्हणाला होतात, हे साडेअकरा आहेत’ असं म्हणून तिनं त्याचं स्वागत केलं. त्यानं निमूटपणे काम केलं आणि जाता जाता माझं बिंग फोडलं. ‘काकू, आता ताईंना हिंजवडीत बसून सगळं दिसणार. तुमचा मिक्सर, टीव्ही, गीझर, सगळं.’

‘अस्सं,’ आई म्हणाली. आणखी काही बोलली नाही, म्हणून मला हायसं वाटलं. इतक्या वर्षांत तिचं ‘अस्सं’ मला ओळखता यायला हवं होतं.

पुढचे दोन महिने मजेत गेले. कंपनीच्या बसमध्ये, वाकडच्या पुलाखाली अडकलेली असताना मी पेपर वाचावा तशी आई वाचायचे. सहा दहाला गीझर, बारा मिनिटं; म्हणजे उठली, आंघोळ झाली. साडेसातला मिक्सर, म्हणजे चटणी. संध्याकाळी सातला टीव्ही. चहा गॅसवर होत असल्यामुळे दिसायचा नाही, पण तो गृहीत धरायचा. फोनवर कधी कळलं नाही ते सगळं कळत होतं आणि टोमणे ऐकावे लागत नव्हते. हळूहळू फोन कमी झाले. खरं सांगायचं तर बंदच झाले. झोपण्यापूर्वी मी ‘ओके ना?’ असा मेसेज टाकायचे, ती अंगठा पाठवायची. ऑफिसात मी हे यंत्र कौतुकानं दाखवत होते. दोघांनी आपापल्या आईवडिलांसाठी मागवलंसुद्धा.

मग एका बुधवारी दुपारी सव्वादोनला मोबाईलवरची रेषा एकदम वर गेली. दोन हजार वॉट. एक ते चार ही आईची झोपायची वेळ. त्या वेळात बेल वाजवणाऱ्याला ती दार उघडत नाही, मग तो कोणी का असेना. मी टेबलाखाली मोबाईल धरून बघत होते. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली, रेषा खाली येईना. शेवटी मीटिंगमधून उठून बाहेर गेले आणि फोन लावला.

‘आई, तुझा गीझर चालू राहिलाय!’

‘अगंबाई, हो का? बघते.’

बघून आली आणि मग बोलत राहिली. खालच्या मजल्यावरची पार्किंगची भांडणं, भाजीवाल्याचा उद्धटपणा, गुडघा. मीही बोलले. अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

नऊ दिवसांनी पुन्हा तेच. मग चार दिवसांनी. मग पुन्हा. दर वेळी ‘अगंबाई, राहिला वाटतं.’ आई ‘अगंबाई’ म्हणणाऱ्यांतली नाही. इंटरनेटवर विसरभोळेपणाची लक्षणं वाचली. ती सगळी आईला लागू पडली, निम्मी मलाही. डॉक्टरांची वेळ घेतली. व्यायामाच्या सायकलवर वाळत घातलेले कपडे काढून माझ्याकडची लहान खोली रिकामी केली. बाबा गेल्यावर आईनं एकच गोष्ट मागितली होती, मला या घरातून हलवू नका. आता हलवावं लागणार होतं, आणि हे तिला मीच सांगायचं होतं. शनिवारी रिक्षात मला रडू आवरत नव्हतं.

आई गॅलरीत पडदे वाळत घालत होती. शेजारी चादरी, उशांचे अभ्रे. मी तिला आत आणून बसवलं.

‘आई, हल्ली तू जरा विसरतेस.’

‘काय विसरले?’

मी मोबाईल पुढे केला. ‘हे बघ. चार वेळा गीझर चालू राहिला. चाळीस-चाळीस मिनिटं, सलग.’

तिनं चष्मा लावला आणि पोरांचे पेपर तपासताना बघायची तसं बघितलं.

‘सलग आहे ना रेषा?’

‘हो.’

‘पाणी तापलं की गीझर आपला आपण बंद होतो. विसरलेला गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद पडला असता. चाळीस मिनिटं सलग चालायचा तर कोणीतरी नळ सोडून गरम पाणी घेत असावं लागतं. इंजिनियर ना गं तू?’

मी रेषा बोटांनी मोठी करून पाहिली. कुठेही तुटलेली नव्हती.

‘पहिल्यांदा झोप येईना म्हणून खरंच पडदे धुवायला काढले होते,’ ती म्हणाली. ‘तुझा फोन आला. अर्धा तास बोललीस. मग चादरी काढल्या. आता घरात धुवायला काही उरलं नाही, परवा पायपुसणं धुतलं. आज पडदे पुन्हा.’

मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. ‘मी किती घाबरले होते, कल्पना आहे तुला? डॉक्टरची वेळ घेऊन बसले! नुसता एक फोन करायचास ना मला!’

‘तीनदा केला,’ आई म्हणाली. ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करते, असं लिहून आलं.’ तिनं चष्मा काढून हातात धरला. ‘गीझरसाठी मात्र तू मीटिंगमधून उठून आलीस.’